एक पडदा, चार मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दीक्षितपुरा, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मंडळाच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो पुढे पाहण्याचा : शाळेच्या वर्गात इंटरनेटच्या साहाय्याने मुलांनी मिळून कसे शिकावे. असा विषय निवडल्याबद्दल प्रथम चालकांचे मनःपूर्वक आभार मानतो.

विषयाची मर्यादा आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्रत्येक मुलाच्या हाती एक मोबाइल आणि त्यावर कोणा शिक्षकाचे चाललेले व्याख्यान, एवढाच इंटरनेटचा शिक्षणातील अर्थ आज बहुतेक घरांत घेतला जातो. त्यात मूल एकटे ऐकते, एकटे विसरते. आम्हांस आज ज्याविषयी बोलावयाचे आहे ते निराळे आहे. तीनचार मुले एका पडद्याभोवती बसतात, एका प्रश्नावर आपसांत वाद घालतात, दूरच्या एखाद्या गावातील मुलांना काही विचारतात, आपल्याजवळचे काही त्यांस देतात, आणि शेवटी सर्वांना पटेल असे उत्तर शोधतात. यास आम्ही 'मिळून शिकणे' म्हणतो. यंत्र येथे निमित्तमात्र आहे, खरे काम मुलांच्या परस्परसंबंधातून होते, हे आमचे प्रतिपादन आहे.

मिळून शिकण्याची ही रीत यंत्राबरोबर आली, असेही कोणी समजू नये. आपल्या पूर्वीच्या गावशाळांत पंतोजींच्या देखत मोठी मुले धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास शिकवीत, परवचा म्हणवून घेत. मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांच्या शाळेत वाळूत बोटाने लिहिण्याची ही पद्धत पाहिली, मुलांकरवी मुलांना शिकविण्याचा प्रयोग आपल्या शाळेत केला, आणि १७९७ साली त्याची हकीकत लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडातील शेकडो शाळा 'मद्रास पद्धती'ने चालल्या. आपल्या ओसरीवरची रीत समुद्रापार गेली, आणि आपण मात्र मुलांना ओळीत बसवून 'बोलू नका' असे बजावू लागलो.

दूरच्या मुलांशी मिळून शिकण्याचाही इतिहास शंभर वर्षांचा आहे. दक्षिण फ्रान्समधील डोंगराळ भागातल्या बार-सूर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने नावाचे प्राथमिक शिक्षक होते. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक लहान छापखाना आणला. मुले आपल्या गावाची माहिती स्वतः लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापीत, आणि ते कागद टपालाने ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या एका शाळेस पाठवीत. तिकडून समुद्राच्या काठचे वर्णन येई. डोंगरातील मुलांना समुद्र समजला तो समुद्राकाठच्या मुलांकडून. शिवाय आपले लिहिणे खरोखरच कोणी वाचणार आहे, हे कळल्यावर मुले शुद्ध व नेटके लिहू लागली. गुणांसाठी लिहिणे आणि वाचकासाठी लिहिणे यांतील हा फरक आमच्या विषयाचा गाभा आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपली नर्मदा येथून ज्या होशंगाबादेकडे वाहते (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम झाले), तेथे १९७२ साली 'किशोर भारती' व रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. चारचार मुलांची टोळी, साध्या वस्तूंची एक पेटी, आणि 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक, एवढे साहित्य. टोळीने प्रयोग करावा, निरीक्षणे नोंदवावी, दुसऱ्या टोळीच्या निरीक्षणांशी ताडून पाहावी आणि निष्कर्ष काढावा. मुलांना प्रश्न पडले तर 'सवालीराम' नामक एका कल्पित व्यक्तीस पत्र लिहावयाचे, आणि त्याच्या नावाने जाणकार मंडळी उत्तर धाडीत. २००२ साली राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला. परंतु तीस वर्षे खेड्यातील मुलांनी पोस्टकार्डावर जे केले, तेच आज तारेवर करावयाचे आहे. तेव्हा उत्तर यावयास आठवडे लागत, आता क्षणही लागत नाही.

आता तारेकडे वळू. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोतील शाळा दूरसंचाराने जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. शीतयुद्ध तेव्हा संपलेले नव्हते. दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांतील विद्यार्थी एकाच विषयावर मिळून काम करू लागले, आणि त्यातूनच पुढे 'आय-अर्न' ही जगभरच्या शाळांची संघटना उभी राहिली. आपल्या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९९ च्या प्रजासत्ताक दिनी, दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीस भोक पाडून पलीकडच्या झोपडवस्तीकडे तोंड करून एक संगणक बसविला. शिकविणारा कोणी नव्हता, यंत्राची भाषा इंग्रजी होती, तरी मुले थोड्याच दिवसांत ते चालवू लागली. पुढचा प्रयोग आपल्याच राज्यातील शिवपुरी येथे झाला.

या प्रयोगाचा पुष्कळ गाजावाजा झाला. 'शिक्षकाची गरज उरली नाही' असा निष्कर्षही काहींनी काढला. तो आम्हांस मान्य नाही, आणि पुढील पुरावाही त्यास अनुकूल नाही. दक्षिण भारतातील कलिकुप्पम गावी मित्र यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांपुढे इंग्रजीतील जीवशास्त्राचा कठीण विषय संगणकावर ठेवला. मुलांनी आपसांत धडपड करून नगण्य गुणांवरून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली. नंतर त्या विषयाचे ज्ञान नसलेल्या एका तरुणीस त्यांच्यामागे उभे केले. तिचे काम एवढेच, की आजी जशी नातवंडांच्या करामतींचे कौतुक करते तसे करावे आणि 'हे कसे केलेस, मला सांग पाहू' असे विचारावे. मुले ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. मोठ्या माणसाची उपस्थिती म्हणजे काय, हे या प्रयोगातून कळते. याउलट पायल अरोरा या अभ्यासिका उत्तराखंडातील अल्मोडा व हवालबाग येथे भिंतीतले संगणक पाहावयास गेल्या, तेव्हा त्यांना ती केंद्रे बंद पडलेली आढळली. त्यांचा लेख २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या यंत्रामागे माणूस नाही, ते लवकरच कोणाचेही नसते.

स्वतः मित्र यांचे कामही पुढे माणसांकडेच वळले. २००९ पासून इंग्लंडातील व इतरत्रच्या निवृत्त शिक्षिका आणि आज्या पडद्यावरून भारतातील मुलांशी गप्पा मारू लागल्या, त्यांना गोष्टी वाचून दाखवू लागल्या. या उपक्रमास 'ग्रॅनी क्लाउड' म्हणतात, आपण 'आजीबाईंचा मेघ' म्हणू. २०१३ साली मित्र यांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले. त्यातून सात केंद्रे उभी राहिली, दोन इंग्लंडात व पाच भारतात. त्यांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यातील फलटणला, 'प्रगत शिक्षण संस्थे'च्या आश्रयाने होते. मूळच्या अमेरिकन, पण भारताचे नागरिकत्व घेऊन फलटणकर झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी ही संस्था उभारली, आणि १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. वाचन-लेखनाचा पाया मातृभाषेतच घालावा असा आग्रह धरणाऱ्या संस्थेने नव्या यंत्रासही दार उघडले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. मातृभाषा आणि इंटरनेट यांत वैर आहे, या समजुतीस हे चोख उत्तर आहे.

याउलट अनुभव आपण सर्वांनी २०२० व २०२१ या वर्षांत घेतला. शाळांना कुलपे लागली आणि वर्ग मोबाइलवर आला. तंत्र तेच, वेग अधिक, तरी मुले मागे पडली. कारण त्या पडद्यावर शिक्षक होता पण शेजारी नव्हता. चुकले तर कोपराने ढोसणारा, न कळल्यास कानात सांगणारा, आपल्यापेक्षा हुशार असून खेळात आपल्याकडून हरणारा असा कोणी जवळ नव्हता. साधनांच्या वाटपातही समता नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' अहवालानुसार चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे. परंतु जे तो वापरू जाणतात, त्यांतही स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलग्यांत मुलींच्या दुपटीहून अधिक आहे. घरात फोन एक असेल तर तो दादाच्या हाती जातो. वर्गात पडदा एक असेल आणि शिक्षिकेने पाळी लावून दिली असेल, तर तो ताईच्याही हाती येतो.

म्हणून आमची पहिली सूचना काटकसरीची आहे. प्रत्येकास एक यंत्र देण्याच्या मागे शाळांनी लागू नये. चार मुलांस एक पडदा पुरे, किंबहुना तोच अधिक हितावह. एकाने यंत्र चालवावे, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने टिपावे, चौथ्याने शंका काढाव्या, आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलावी. सापडलेली प्रत्येक गोष्ट निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहावी. तासाच्या अखेरीस प्रत्येक टोळीने पडद्याकडे पाठ करून आपले उत्तर वर्गास तोंडी सांगावे. पडद्याकडे पाठ करावयाची ही अट महत्त्वाची आहे. जे समजले असेल तेवढेच तोंडून येते.

दुसरी सूचना प्रश्नाविषयी. २०२२ च्या अखेरीपासून, विचारताक्षणी निबंध लिहून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. 'पावसाचे महत्त्व' हा विषय दिला तर यंत्र लिहील आणि मूल उतरवून काढील. यावर उपाय एकच, की ज्याचे उत्तर अद्याप कोठेही लिहिलेले नाही असा प्रश्न द्यावा. असे प्रश्न आपल्या दारात पडलेले असतात. एक उदाहरण देतो.

या शहरात एके काळी बावन्न ताल होते, असे आपण सारेच ऐकत आलो आहोत. रानीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल ही नावे आजही तोंडी आहेत, आणि राणी दुर्गावतीच्या काळाशी लोक त्यांचे नाते सांगतात. त्यांतील काहींत पाणी आहे, काहींचे केवळ नाव उरले आहे. आपल्या मोहल्ल्याच्या आसपास कोणता ताल होता, तो केव्हा बुजला, त्याचे पाणी आता कोठे जाते, हे घरातील म्हाताऱ्यांस विचारल्याशिवाय कळणार नाही. आता गोंदिया-भंडाऱ्याकडे पाहा. ज्या गोंदियाला आपले वडील नॅरोगेजच्या छोट्या गाडीने जात, त्या भागात गोंड राजवटीपासूनचे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि धानाच्या शेतीस पाणी देणाऱ्या या तलावांना तेथे माजी मालगुजारी किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. दोन्हीकडे गोंडांचा वारसा, दोन्हीकडे तलाव, पण एकीकडे ते शहरात बुजले आणि दुसरीकडे शेतीच्या आधाराने पुष्कळसे टिकले. हे असे का घडले? जबलपूरच्या चार मुलांनी आणि गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या मराठी शाळेच्या चार मुलांनी मिळून सहा आठवडे हा प्रश्न धरावा. इकडच्यांनी तालांचा नकाशा काढावा, तिकडच्यांनी तलावाच्या पाळीवर उभे राहून पाणीवाटपाची रीत सांगावी. एका बाजूकडून हे उत्तर पुरे होतच नाही. खऱ्या सहकार्याची कसोटी आम्ही हीच मानतो, की दुसऱ्यावाचून आपले अडले पाहिजे.

आणि येथे, बंधुभगिनींनो, हा विषय शाळेच्या वर्गातून आपल्या घरात येतो.

१७९८ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले. पुढे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि १९०४ पासून तोफगाडीचा कारखाना यांच्या निमित्ताने आपली कुटुंबे येथे येत राहिली. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच राज्यात होते आणि कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. दुसऱ्या दिवशी सीमा बदलली. माणसे होती तेथेच राहिली, भाषेचा आधार मात्र कचेरीतून व शाळेतून उठून घरात आणि मंडळात आला. आज आपल्या घरातील तिसऱ्या-चौथ्या पिढीचे मूल आजीशी मराठी बोलते, आईला मराठीत हाक मारते, परंतु मराठी पुस्तक उघडीत नाही. ही सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आपल्यापैकी कितीजणांची नातवंडे वाचू शकतील, हा प्रश्न आम्ही या व्यासपीठावरून विचारतो, आणि त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी द्यावे.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. लिपी तीच आहे, 'ळ' सोडला तर अक्षरओळखही झालेलीच आहे. कमतरता आहे ती कारणाची. मराठी वाचून आपले काही अडत नाही, असे मुलास वाटते आणि ते खोटेही नाही. गोंदियाच्या मैत्रिणीने तलावाविषयी मराठीत लिहिलेली चिठ्ठी पडद्यावर आली, आणि ती वाचल्याखेरीज आपला नकाशा पुरा होत नाही असे झाले, म्हणजे कारण उत्पन्न होते. मग चार मुले मिळून ती चिठ्ठी वाचतील, एकास अडले तर दुसरा सांगेल, चौघांस अडले तर आजीस विचारतील. उपदेशाने जे होत नाही ते या अडण्याने होते.

साधनसामग्रीची उणीव नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश, जो मिळवावयास पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे, तो आता घरबसल्या उघडतो. आणि २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर वाचकांनीच लिहावयाचा ज्ञानकोश आहे. मुलांनी तालांविषयी जे शोधले ते पुरावा जोडून तेथे नोंदविता येईल. म्हणजे ज्या मुलास आज मराठी वाचण्याचा कंटाळा येतो, तेच उद्या मराठी वाचकास जबलपूरची माहिती देणारे होईल. सातासमुद्रापलीकडील मराठी घरांनाही हाच मार्ग मोकळा आहे. तिकडची मुले या टोळ्यांत सहज येऊ शकतील, केवळ घड्याळाचा मेळ घालावा लागेल.

सावधगिरीचे दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. मुलांची नावे, पत्ते, छायाचित्रे अनोळखी ठिकाणी जाऊ देऊ नयेत. संवाद शाळा व शाळा, अथवा मंडळ व शाळा यांच्यामध्ये असावा, मूल व परका मनुष्य यांच्यामध्ये नसावा. खोलीत एक वडीलधारी व्यक्ती सदैव असावी. तिला संगणक येत नसला तरी चालेल, मात्र तिला मुलांचे कौतुक करता आले पाहिजे आणि 'हे तुला कोठून कळले?' असे विचारता आले पाहिजे. या दोन्ही गोष्टींत निष्णात अशा कितीतरी आजी आज या सभेत समोर बसल्या आहेत.

शेवटी मंडळापुढे आमची विनंती ठेवतो आणि आपली रजा घेतो. येत्या जूनपासून दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाची खोली मुलांसाठी उघडी असावी. एक संगणक, एक मोठा पडदा आणि इंटरनेटची जोडणी एवढाच खर्च आहे. महोत्सवाच्या निधीतून तो भागावा. पहिल्या वर्षी आठ मुले, म्हणजे दोन टोळ्या, पुरेत, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात. गोंदिया किंवा भंडारा जिल्ह्यातील एका मराठी शाळेशी कार्यवाहांनी पत्रव्यवहार करावा. वर्षाअखेर मुलांनी तालांचा आपला वृत्तान्त मराठीत लिहावा, आणि मंडळाच्या पुढील वार्षिक अंकात तो त्यांच्या नावानिशी छापावा. कोणत्या दोन आजी पहिल्या रविवारी येणार, त्यांची नावे कार्यवाहांनी आज सभा संपण्यापूर्वी लिहून घ्यावी.